वजावटीचा हक्क आणि पुराव्याचा भार : गावखर्चापासून प्राप्तिकरापर्यंत खर्चनोंदीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

करव्यवस्थेचा इतिहास बहुधा कर घेणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. कोणत्या राज्यकर्त्याने कोणता कर बसविला, त्याचे दर काय होते, त्यातून तिजोरीत किती भर पडली, या प्रश्नांना अभ्यासात प्राधान्य मिळते. कर देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मात्र एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. हाती आलेला सगळा पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यातून आवश्यक खर्च वजा जाता जे उरते ते उत्पन्न, हे तत्त्व सर्वांनाच मान्य असते. पण तो खर्च खरोखर झाला हे कोणी, कशाच्या आधारे आणि कोणापुढे सिद्ध करायचे? वजावटीचा हक्क कायदा देतो. तो प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडतो हे मात्र कागद ठरवितो. कीर्द, खतावणी, कबज, पावती, व्हाउचर, धनादेशाचे अर्धुक या साध्या वाटणाऱ्या वस्तूंना करइतिहासात जे महत्त्व आहे ते याच कारणाने.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय परका नाही. विमाहप्त्याची पावती, घरभाड्याची पावती, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला यांची जुळवाजुळव आर्थिक वर्षाच्या अखेरीस अनेकांनी वर्षानुवर्षे केली आहे. या वार्षिक धावपळीमागे सुमारे दोन शतकांचा इतिहास उभा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठी मुलखातील पारंपरिक हिशेबपद्धतीत खर्चाच्या वजावटीचे स्थान काय होते ते पाहणे.
२) १८६० नंतरच्या प्राप्तिकर कायद्यांत खर्चनोंदीचे महत्त्व कसे वाढत गेले ते स्पष्ट करणे.
३) पुराव्याच्या वाढत्या अपेक्षांचा भार समाजातील कोणत्या घटकांवर पडला याचा विचार करणे.

पेशवेकालीन हिशेब आणि गावखर्च

खर्च वजा घालण्याची कल्पना इंग्रजांनी आणली असा समज असेल तर तो दुरुस्त करावा लागेल. पेशवाईच्या काळात गावचा हिशेब कुलकर्णी मोडी लिपीत ठेवीत असे. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, तिच्यावरून खातेवार खतावणी आणि वर्षअखेरीचा ताळेबंद अशी ही साखळी होती. गावाहून परगण्याकडे आणि परगण्याहून पुण्याच्या हुजूर दफ्तराकडे हिशेब जात. तेथे त्यांची तपासणी होऊन एकबेरीज दफ्तरात त्यांचे गोषवारे केले जात. रक्कम पोहोचल्याचा लेखी पुरावा म्हणून कबज घेतले जाई.

या हिशेबांत ‘गावखर्च’ हे सदर लक्षणीय होते. देवस्थानाची दिवाबत्ती, सणउत्सव, गोसावी-फकिरांचा शिधा, गावी येणाऱ्या अंमलदारांचे भत्ते अशा बाबींवरील खर्च गावाच्या एकूण वसुलीतून वजा होऊन उरलेली रक्कम सरकारजमा होत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही मान्यताप्राप्त वजावट होती. साहजिकच वादही तेथेच होता. कोणता खर्च मंजूर आणि कोणता नामंजूर, हा प्रश्न गाव आणि सरकार यांच्यात कायम धुमसत राहिला. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावखर्चाच्या नावाखाली रयतेकडून होणाऱ्या जादा वसुलीची दखल घेतलेली आहे.

त्याच अहवालातील आणखी एक नोंद उद्बोधक आहे. दरबारातील मंडळींना आणि हिशेब तपासणाऱ्यांना मामलेदार जी रक्कम देत, तिला ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ असे नाव होते. आरंभी गुप्तपणे दिली जाणारी ही लाच पुढे इतकी रूढ झाली की तिची हिशेबात रीतसर नोंद होऊ लागली आणि इतर खर्चाबरोबर तिचीही तपासणी होऊ लागली. नोंद अचूक असणे आणि खर्च न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून दिसते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

प्राप्तिकराचा आरंभ : १८६० ते १८८६

१८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर मोठा ताण पडला होता. तो सावरण्यासाठी जेम्स विल्सन यांची गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे अर्थसदस्य म्हणून नेमणूक झाली. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी अंदाजपत्रक मांडले आणि त्याच वर्षी प्राप्तिकराचा कायदा संमत झाला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर शेकडा दोन आणि त्यापुढील उत्पन्नावर शेकडा चार असा कर होता. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या योजनेला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना परत बोलावले गेले. स्वतः विल्सनही कायदा अमलात आल्यावर थोड्याच दिवसांत, ११ ऑगस्ट १८६० रोजी, कलकत्त्यात मरण पावले.

या कराबद्दल जी नाराजी निर्माण झाली तिचे कारण केवळ दर हे नव्हते. जमीनमहसूल शेताकडे पाहून ठरविता येत होता. जकात मालाकडे पाहून घेता येत होती. प्राप्तिकर मात्र वहीत डोकावल्याशिवाय ठरविता येत नव्हता. व्यापाऱ्याची वही ही त्याच्या पतीची, नात्यांची आणि गुपितांची जागा होती. ती सरकारी अंमलदारापुढे उघडणे म्हणजे बाजारातील आपली अब्रू उघडी करणे असे मानले जाई. वही दाखवावी तर पत जाते आणि न दाखवावी तर अंमलदार अंदाजाने आकारणी करतो, अशा पेचात छोटा व्यापारी सापडला. १८६२ मध्ये करपात्र उत्पन्नाची मर्यादा ५०० रुपयांवर नेण्यात आली, हेही लहान उत्पन्नांची तपासणी किती जिकिरीची होती याचेच द्योतक म्हणता येईल. १८६५ मध्ये हा कर संपुष्टात आला. त्यानंतर परवाना कर, प्रमाणपत्र कर, पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग होत राहिले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बसविलेल्या परवाना कराविरुद्ध १८७८ मध्ये सुरतेत दंगल झाली.

१८८६ च्या कायद्याने या कराला स्थैर्य आले. त्यात उत्पन्नाचे चार वर्ग केले होते : पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांवरील व्याज आणि इतर साधने. शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, आयुर्विम्याच्या हप्त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत या कायद्याने सूट दिली. पगारदाराचा पगार मालकाच्या कागदावरून कळत होता आणि विम्याचा हप्ता कंपनीच्या पावतीवरून. दोन्ही पुरावे तिऱ्हाइताच्या हातचे असल्याने त्यांच्या खरेपणाबद्दल वाद उद्भवत नव्हता. पगारदारास वजावट द्यायची ती अशाच खर्चावर, की ज्याची पावती एखादी संस्था देते, हे धोरण पुढील काळात बळावत गेले. त्याचे बीज येथे दिसते.

पावती : कर्जदाराचे शस्त्र

पावतीचे सामाजिक मोल समजून घेण्यासाठी प्राप्तिकराच्या बाहेर थोडे पाहणे आवश्यक आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि ते पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या घरातील रोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद ताब्यात घेऊन जाळण्यात आले. यामागे स्पष्ट तर्क होता. लेखणी एकाच बाजूच्या हाती असेल तर दुसऱ्या बाजूने फेडलेली रक्कम नोंदलीच जाईल याची शाश्वती नव्हती. पैसे फेडूनही ते फेडल्याचे सिद्ध करता येत नाही, हे निरक्षर कुळाचे खरे दुखणे होते.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्यात या दुखण्यावर नेमका उपाय होता. शेतकरी ऋणकोस भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा, हिशेबाचा वार्षिक उतारा मिळविण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क या कायद्याने दिला. सावकाराने टाळाटाळ केल्यास दंडाची तरतूदही केली. पुढे १८९९ च्या मुद्रांक कायद्यान्वये २० रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लागू लागले. तिकिटावर सही केलेली पावती हा सर्वसामान्यांच्या दृष्टीने पक्का पुरावा ठरला.

१८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ३४ याच संदर्भात पाहावे. व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य आहे. पण केवळ तिच्या आधारे दुसऱ्यावर दायित्व लादता येत नाही, असे ते कलम सांगत होते. २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदीस दुसऱ्या बाजूचा दुजोरा हवा, ही अपेक्षा करनिर्धारणातही उतरली. वहीतील खर्चाच्या नोंदीमागे घेणाऱ्याची सही असलेले व्हाउचर का मागितले जाते, याचे उत्तर या तत्त्वात आहे.

१९२२ चा कायदा आणि ‘प्रामाणिक अंदाज’

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने आधुनिक करनिर्धारणाचा पाया घातला. धंद्याच्या उत्पन्नातून भाडे, दुरुस्ती, कर्जाऊ भांडवलावरील व्याज, घसारा, स्थानिक कर अशा बाबी वजा घालण्याची तरतूद कलम १० मध्ये होती. कलम १३ ने करदात्याने नियमितपणे अवलंबिलेली हिशेबपद्धती हाच उत्पन्नमोजणीचा आधार मानला. त्यामुळे पेढीवरच्या देशी वह्यांना कायद्यात स्थान मिळाले. ‘मागील वर्ष’ म्हणून स्वतःचे हिशेबी वर्ष घेण्याची मुभा असल्याने लक्ष्मीपूजनाला वही पुजून पाडव्यापासून नवे खाते मांडणारा व्यापारी दिवाळी ते दिवाळी असा हिशेब सादर करू शके. ही मुभा १९६१ च्या कायद्यातही टिकली. कर आकारणी वर्ष १९८९-९० पासून मात्र सर्वांना ३१ मार्चला संपणारे वर्ष सक्तीचे झाले. वहीपूजनाची प्रथा राहिली. कराच्या हिशेबाशी असलेला तिचा सांधा तुटला.

वह्या हजर न केल्यास काय, या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वोत्तम निर्णयानुसार आकारणी’ या तरतुदीत होते. त्या अधिकाराची सीमा ठरविणारा महत्त्वाचा निर्णय आपल्या वऱ्हाडातील आहे. अकोल्याच्या बद्रीदास रामराय या पेढीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९३७ मध्ये असे म्हटले, की अशा आकारणीत अंदाजाचा भाग अपरिहार्य असला, तरी अधिकाऱ्याने तो सूडबुद्धीने किंवा लहरीने करता कामा नये. तो प्रामाणिक आणि न्याय्य असावा. स्वातंत्र्यानंतर ढाकेश्वरी कॉटन मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हीच दिशा पुढे नेली. प्राप्तिकर अधिकारी पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी बांधलेला नाही. पण कोणत्याही आधाराविना केवळ तर्काने तो आकारणी करू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. नोंद नसलेल्या करदात्यालाही काही हक्क असतात, हे या दोन निर्णयांनी प्रस्थापित केले. तथापि हा हक्क न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत असलेल्यालाच बजावता येतो, हेही तितकेच खरे.

१९६१ चा कायदा : विश्वास आणि संशय

१९६१ च्या कायद्याच्या विधेयकात धंद्यासाठीचा खर्च ‘पूर्णतः, आवश्यकतेने आणि केवळ’ धंद्यासाठी केलेला असावा अशी शब्दयोजना होती. लोकांच्या विरोधामुळे ‘आवश्यकतेने’ हा शब्द गाळला गेला. या घटनेचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुंबईच्या ससून जे. डेव्हिड कंपनीच्या प्रकरणात केला आहे. हा एक शब्द राहिला असता तर खर्च झाला एवढे सिद्ध करून भागले नसते. तो टाळता आला नसता हेही प्रत्येक करदात्याला सिद्ध करावे लागले असते. व्यापार कसा करावा हे व्यापाऱ्याने ठरवावे, अधिकाऱ्याने नव्हे, हा त्यामागील विचार होता.

परंतु एकीकडे असा विश्वास दाखविला जात असतानाच दुसरीकडे पुराव्याच्या अटी कडक होत गेल्या. १९६८ च्या वित्त कायद्याने कलम ४०ए(३) आणले. २,५०० रुपयांपेक्षा अधिक खर्च रेखांकित धनादेशाने किंवा बँक ड्राफ्टने न केल्यास त्याची वजावट नाकारण्याची ही तरतूद होती. खर्च खरा असला तरी तो चुकीच्या मार्गाने दिला म्हणून वजावट नाही, असा हा नवा दंडक होता. बँक नसलेल्या गावातील व्यवहार, शेतमालाबद्दल थेट शेतकऱ्यास दिलेली रक्कम अशांसाठी नियमांत अपवाद ठेवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अत्तरसिंग गुरुमुखसिंग प्रकरणात ही तरतूद वैध ठरविली. पुढे ही मर्यादा वाढत गेली. २०१७ च्या वित्त कायद्याने मात्र ती २०,००० वरून १०,००० रुपयांवर खाली आणली.

१९७६ पासून कलम ४४एए नुसार वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद आदी व्यावसायिकांवर आणि विशिष्ट मर्यादेवरील व्यापाऱ्यांवर हिशेब ठेवण्याचे बंधन आले. नियम ६एफ ने रोकडवही, खतावणी, दिलेल्या बिलांच्या प्रती आणि खर्चाची मूळ बिले कोणती ठेवायची ते ठरविले. बिल न मिळणाऱ्या ५० रुपयांपर्यंतच्या खर्चास सही केलेले व्हाउचर चालेल असेही सांगितले. हे कागद संबंधित कर आकारणी वर्षानंतर सहा वर्षे जपायचे होते. १९८४ च्या वित्त कायद्याने कलम ४४एबी द्वारे सनदी लेखापालाकडून सक्तीची तपासणी आणली. अशा रीतीने नोंद ही सवय न राहता कर्तव्य झाली.

येथे ‘अंतस्थ’चा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. १९९८ मध्ये कलम ३७ ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने, कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या किंवा निषिद्ध कारणासाठी केलेल्या खर्चाची वजावट पूर्वलक्षी प्रभावाने नाकारली. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवरील खर्च याच कारणाने वजा घालता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात दिला. पेशवाईच्या अखेरीस जी रक्कम नोंद होते म्हणून रूढ ठरली होती, तशा रकमेला नोंद असूनही नकार देणारा हा कायदा आहे. या दोन टोकांच्या मधे राज्यसंस्थेच्या कल्पनेतच बदल झाला आहे.

पगारदार आणि अध्यापक

१९६१ च्या कायद्याच्या मूळ रूपात पगारदारास आपल्या कामासाठी आवश्यक पुस्तके व प्रकाशने यांवरील ५०० रुपयांपर्यंतचा खर्च वजा घालता येत होता. अध्यापकाच्या ग्रंथखरेदीला कायद्याने दिलेली ही मान्यता होती. मात्र त्यासाठी पुस्तकविक्रेत्याचे बिल जपणे आणि ते पुस्तक कामासाठी लागले हे पटविणे ओघाने आलेच. १९७४ च्या वित्त कायद्याने अशा सुट्या वजावटींच्या जागी प्रमाणित वजावट आणली : पहिल्या १०,००० रुपयांवर शेकडा वीस, पुढील रकमेवर शेकडा दहा आणि कमाल ३,५०० रुपये. तिच्यासाठी एकाही पावतीची गरज नव्हती. पगारदारांच्या पावत्या तपासण्याचा खर्च आणि त्यातून मिळणारा न्याय यांत काढलेली ही तडजोड होती. सोय झाली, पण ग्रंथांवर पगाराचा मोठा हिस्सा खर्च करणारा अध्यापक आणि एकही पुस्तक न घेणारा अध्यापक कायद्याच्या दृष्टीने समान झाले. कर आकारणी वर्ष २००६-०७ पासून ही वजावट रद्द झाली आणि २०१९-२० पासून ती पुन्हा आली.

गुंतवणुकीच्या वजावटींसाठी मात्र कागद लागतच राहिला. १ जून २०१६ पासून पगारदाराने घरभाडे, गृहकर्जाचे व्याज, बचत यांचा तपशील पुराव्यासह मालकाकडे ठरावीक नमुन्यात देणे आवश्यक झाले. २०१७ च्या वित्त कायद्याने कलम ८०जी खालील रोख देणगीची वजावटयोग्य मर्यादा १०,००० वरून २,००० रुपये केली.

अलीकडील वळण

नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राप्तिकर विभागाने वार्षिक माहिती विवरण उपलब्ध करून दिले. व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार यांची माहिती आता विभागाकडे आधीच असते. पूर्वी करदाता नोंद ठेवी आणि सरकार ती तपाशी. आता उत्पन्नापुरते तरी सरकार नोंद ठेवते आणि करदाता ती तपासतो. मात्र ही उलटापालट एकतर्फी आहे. जमेची बाजू सरकारला आपोआप कळते. खर्चाची बाजू सिद्ध करण्याचा भार बव्हंशी करदात्यावरच आहे.

दुसरे वळण २०२० च्या वित्त कायद्याने आणलेल्या नव्या करप्रणालीचे. कमी दर घ्या आणि बहुतेक वजावटी सोडा, असा हा पर्याय होता. कर आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तोच मूलभूत मानला जाऊ लागला आणि जुनी प्रणाली हवी असल्यास ती मागून घेण्याची वेळ आली. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याची तरतूद आहे. त्यातही या दोन्ही प्रणाली कायम ठेवल्या आहेत. नव्या प्रणालीत पगारदाराची पावत्यांची फाईल बरीच हलकी होते. व्यापारी व व्यावसायिकांना मात्र धंद्याचा खर्च दाखविण्यासाठी नोंदी ठेवाव्याच लागतात.

निष्कर्ष

१) एकूण प्राप्तीतून खर्च वजा घालण्याचे तत्त्व मराठी मुलखात प्राप्तिकरापूर्वीपासून परिचित होते; नवीन होती ती व्यक्तिगत वहीची सरकारी तपासणी.
२) पुराव्याचा प्रवास स्वतःच्या नोंदीकडून तिऱ्हाइताच्या पावतीकडे, पावतीकडून बँकेच्या कागदाकडे आणि तेथून संगणकीय माहितीकडे झाला. प्रत्येक टप्प्यावर करदात्याच्या शब्दाचे वजन घटत गेले.
३) पुराव्याची प्रत्येक नवी अट ज्याच्याकडे लेखनिक, लेखापाल आणि बँक होती त्याला सोपी गेली. निरक्षर कूळ, फिरता विक्रेता, रोखीने मजुरी देणारा छोटा कंत्राटदार यांना ती जड गेली.
४) प्रमाणित वजावट व नवी प्रणाली यांनी पुराव्याचा भार कमी केला, पण त्याबरोबर वैयक्तिक परिस्थिती मांडण्याची संधीही कमी केली.

समारोप

खर्चाची नोंद ठेवणे हे केवळ कर वाचविण्याचे तंत्र नाही. आपल्या हाती आलेल्या पैशाचे काय झाले हे सांगण्याचा आणि ते मान्य करून घेण्याचा नागरिकाचा तो मार्ग आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, त्या त्यांना लेखनाचा तिटकारा होता म्हणून नव्हे, तर त्या वह्यांत त्यांची बाजू लिहिलेली नव्हती म्हणून. आणि त्यांना कायद्याने जे दिले ते म्हणजे पावती मागण्याचा हक्क. वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्र हा विषय आहेच. परंतु पावती मागणे, ती वाचणे आणि जपणे याचे शिक्षण सर्व शाखांतील विद्यार्थ्यांना मिळावयास हवे. तसेच गावोगावच्या जुन्या पेढ्यांतील मोडी व देवनागरी वह्या आज रद्दीत जात आहेत. इतिहास आणि वाणिज्य या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन त्यांचे संकलन केल्यास करदात्याच्या बाजूने लिहिलेला करइतिहास सिद्ध होण्यास मोलाची मदत होईल.